लहान स्वरमंडळ: घेताना काय बघायचं, लावायचं कसं

माझं पहिलं स्वरमंडळ दिसायला फार देखणं होतं. कोपऱ्यात कोरलेली मोराची मान, कडेने पांढरी वेलबुट्टी, ३६ तारा आणि आतून मखमल लावलेली पेटी. फोटो बघून मागवलं. ऐन जुलैच्या पावसात ते रत्नागिरीला घरी आलं, आणि पहिले आठ दिवस मी ते वाजवलंच नाही, नुसतं लावत बसले. विसावी तार सुरात येईपर्यंत पहिली उतरलेली असायची. वाटलं, आपलाच कान कच्चा. दीड महिन्याने ते मिरजेला एका कारागिरांकडे घेऊन गेले. त्यांनी तार छेडलीसुद्धा नाही. एका खुंटीला चावी लावून ती जराशी फिरवली, हात काढला, आणि खुंटी डोळ्यांदेखत केसभर मागे आली.

"ताई, ह्याचं लाकूड खुंटी धरत नाही," ते म्हणाले. "मोर काय गाणार आहे का?"

नवीन माणसाने स्वरमंडळ घेताना मनात धरायची गोष्ट एवढीच. हे वाद्य वाजवायला दोन मिनिटांत येतं, लावायला मात्र रोज बसावं लागतं. त्यामुळे सहज लागेल आणि लावलेलं टिकेल असं वाद्य घ्यायचं. तारा कमी चालतील, नक्षी नसली तरी चालेल, खुंट्या मात्र घट्ट हव्यात.

आधी वाद्य ओळखू या

स्वरमंडळ म्हणजे एका बाजूने निमुळती होत गेलेली पोकळ लाकडी पेटी, वर पातळ तबली, म्हणजे आवाज घुमवणारी लाकडी फळी, आणि तबलीवरून गेलेल्या लांबपासून आखूडपर्यंतच्या पोलादी तारा. तारेचं एक टोक बारीक खिळ्यात अडकवलेलं, दुसरं लोखंडी खुंटीला गुंडाळलेलं. प्रत्येक तारेचा सूर एकच. पडदे नाहीत, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही. गाणारा ते मांडीवर आडवं ठेवतो किंवा उभं धरून छातीशी टेकवतो आणि बोटांनी तारांवरून हात फिरवतो. किशोरीताई आमोणकर, पंडित जसराज, त्यांच्या आधी बडे गुलाम अली खाँ यांच्या मांडीवर आपण ते पाहिलेलं असतं.

दुकानात किंवा मोबाईलवर शोधताना तीन वाद्यांशी त्याची गल्लत होते. संतूर दिसायला जवळचं, पण त्यात प्रत्येक सुराला तारांचा जुडगा असतो, तबलीवर घोड्यांच्या, म्हणजे तारा टेकतात त्या आधारांच्या, रांगा असतात आणि ते कलमांनी वाजतं. बुलबुल तरंगला टंकयंत्रासारखी बटणं असतात. तिसरं म्हणजे 'लॅप हार्प' नावाने मिळणारं, १५ तारांचं आणि तारांखाली गाण्याचा कागद सरकवायचं मुलांचं वाद्य. ते वाईट नाही, पण ते पाश्चात्त्य सुरावटीसाठी बांधलेलं असतं. त्यावर मालकंस राग लावायला जाल तर वरच्या तारा तोंडावर येतील.

तारा किती?

बाजारात १५-२१ तारांची लहान, ३०च्या आसपासची मध्यम आणि ३६-४० तारांची मोठी स्वरमंडळं मिळतात. माझं ऐकाल तर पहिलं वाद्य २१ तारांचं घ्या. हा आकडा काही मी काढलेला नाही. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शारंगदेवाने तेराव्या शतकात 'मत्तकोकिला' या २१ तारांच्या वीणेचं वर्णन केलं आहे, आणि पुढे त्याच्या ग्रंथावर टीका लिहिणाऱ्या कल्लिनाथाने तिलाच लोक स्वरमंडल म्हणतात असं नोंदवलं. अकबराच्या दरबारातल्या नोंदीतही सुरमंडलाच्या तारा २१च सांगितल्या आहेत. सात स्वर, तीन सप्तकं. हिशेब सरळ आहे.

त्यापेक्षा जास्त तारा घेतल्या की आवाज भरदार होतो, हे खरं. पण वेळ आणि ताणही वाढतो. पाव मिलिमीटरहून जराशा जास्त जाडीच्या, अर्धा मीटर लांबीच्या एका पोलादी तारेवर साधारण चार-साडेचार किलोचा ताण असतो. २१ तारांचा मिळून नव्वदेक किलो, म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस त्या पातळ पेटीला रात्रंदिवस लोंबकळलेला. ३६ तारांना हाच भार दीडशे किलोंच्या वर जातो. एवढा ताण सोसायला पेटी भक्कम लागते, आणि स्वस्तातल्या मोठ्या स्वरमंडळात नेमकं तेच वाचवलेलं असतं.

दुकानात गेल्यावर

सोबत घेऊन जायच्या वस्तू तीन: शिंप्याची टेप, सूर दाखवणारं ट्यूनरचं ॲप असलेला मोबाईल आणि एखादी पोलादी फूटपट्टी.

सगळ्यात आधी खुंट्या. तार न बघता खुंटीकडे बघा. चावी लावून खुंटी किंचित चढवा, मग किंचित उतरवा. ती लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली तर वाद्य खाली ठेवा. चढवताना कट्-कट् असा धक्का देत, अडकत फिरली तरी नको, कारण मग नेमक्या सुरावर थांबताच येत नाही. घट्ट, पण सलग फिरली पाहिजे. असं एका खुंटीवर न भागवता चार कोपऱ्यांतल्या आणि मधल्या दोन, अशा सहा खुंट्यांवर करा. दुकानदार कुरकुरला तर तेही एक उत्तरच समजा. मिरजेच्या त्या कारागिरांनी, आमच्या चाचांनी, मला अजून एक गोष्ट दाखवली होती. खुंटीच्या मुळाशी लाकडाला केसासारखी चीर गेलेली असते, ती बोटाला लागत नाही, पण उजेडात तिरकं धरलं की दिसते. एका रांगेतल्या दोन-तीन खुंट्यांना जोडणारी चीर दिसली, तर ते वाद्य फुकट दिलं तरी घेऊ नका.

मग पेटी. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून कडेने नजर टाका. तबली तारांच्या दाबाने खाली बसलेली नाही ना, आणि पेटी पापडासारखी पिळलेली नाही ना? फूटपट्टी तबलीवर टेकवली की खोलगटपणा लगेच कळतो. सांधे बोटाने चाचपा. मागच्या बाजूने टिचकी मारत जा. एखाद्या जागी 'टण्'च्या ऐवजी 'फट्' वाजलं तर तिथे सरस सुटलेला आहे.

मग तारा. एकेक तार वेगळी छेडा. दुकानात वाद्य बेसूर असणार, ते मनावर घेऊ नका. बघायचं ते हे की तार झणझणते का, म्हणजे घोडीवर कुठे कर्रर्र करते का, आणि तिची आस, म्हणजे छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, किती टिकते. एक तार छेडून मनात आकडे मोजा. मधल्या तारांची आस पाच-सहा आकड्यांच्या आत विझत असेल तर तबली जाड किंवा मुकी आहे.

टेप काढायची वेळ आता. सर्वांत लांब तारेची लांबी घोडीपासून घोडीपर्यंत मोजा, आणि सर्वांत आखूड तारेचीही. लहान वाद्यात लांब तार ५५ सेंटिमीटरच्या आसपास आणि आखूड २०च्या आसपास असेल तर उत्तम. लांब तार ४० सेंटिमीटरचीच असेल तर पुरुषांच्या पट्टीला ती ढिली पडून नुसती लडबडेल.

चावी खुंटीच्या चौकोनी डोक्यावर घट्ट बसते का ते पाहा. सैल चावीने खुंटीची डोकी गोल होतात, आणि मग ती कुठल्याच चावीने फिरत नाहीत. दुसरी चावी जागच्या जागी मागून घ्या, ती हरवतेच. सुट्या तारांची दोन-तीन वेटोळी आणि कुठल्या तारेला कुठला नंबर हे लिहून घ्या. आणि जाड गवसणी. मखमलीची पेटी नको, ती पावसाळ्यात ओल धरून बसते.

किमतीचं म्हणाल तर साधं, लहान स्वरमंडळ साधारण पाच ते दहा हजारांत मिळायला हरकत नाही, आणि चांगल्या हातचं मोठं त्याच्या दुप्पट-तिपटीला जातं. त्यात नक्षीचे किती आणि लाकडाचे किती, हे विचारायला लाजू नका. 'मिरजेचं आहे' एवढ्यावर जास्त पैसेही देऊ नका. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते स्वरमंडळाला लागू नाही. मिरजेत ते चांगलं बनतं, यात शंका नाही, पण ते डोळ्यांनी बघून ठरवा. प्रत्यक्ष जाणं जमतच नसेल तर विक्रेत्याकडून खुंटी चढवताना-उतरवतानाचा आणि एकेक तार छेडतानाचा व्हिडिओ मागवा, आणि खुंट्या सैल निघाल्या तर परत घेणार का, हे लेखी विचारा. मी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर लगेच लावायला बसू नका

वाद्य प्रवासातून आलेलं असतं. गवसणीतून काढून एक दिवस ज्या खोलीत गाता तिथे ठेवा. या दिवसात एक काम उरका: सा आणि प या सुरांच्या खुंट्या रंगवा. घरात नेलपॉलिश असतंच. सा लाल, प पांढरा. दिसायला पोरकट वाटेल, पण नवशिक्यांच्या तारा तुटतात त्या बहुतेक एकाच चुकीने. कान एका तारेकडे, चावी शेजारच्या खुंटीवर. सूर हलत नाही म्हणून माणूस आणखी पिळतो, आणि शेजारची तार फाट्कन जाते. चावी लावण्याआधी बोट तारेवरून सरकवत खुंटीपर्यंत न्यायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आणि चेहरा तारांवर वाकवून बसू नका, चष्मा असेल तर घाला.

मग पट्टी ठरवा. तुम्ही ज्या पट्टीत गाता तीच स्वरमंडळाची पट्टी. बायकांचा सा बहुधा काळी तीन ते काळी पाचमध्ये येतो, पुरुषांचा पांढरी एक ते काळी दोनमध्ये. हार्मोनियमवर एकदा बघून घ्या आणि कागदावर लिहून वाद्याच्या पाठीला चिकटवा.

इथे तारेचा एक स्वभाव सांगते, तो कळला की निम्म्या तारा वाचतात. पोलादी तार किती वर चढेल हे तिच्या जाडीवर नाही, लांबीवर ठरतं. जाड तारेला जास्त ताण सोसतो खरा, पण तोच सूर काढायला तिला ताणही तेवढाच जास्त लागतो, त्यामुळे फिटंफाट. ५० सेंटिमीटरची चांगली तार सेकंदाला ५५०-५६० कंपनांच्या आसपास तुटते, मग ती जाड २८ नंबरची असो की बारीक ३२ नंबरची. तिला तीन-चतुर्थांशाच्या वर, म्हणजे ४२०च्या पलीकडे नेऊ नये. लांबी निम्मी झाली की मर्यादा दुप्पट. म्हणून 'ही तार सारखी तुटते, जाड घालून बघू' या उपायाचा काही उपयोग होत नाही. त्या तारेला खालचा सूर द्यावा लागतो.

कुठल्या तारेला कुठला सूर

सुरुवात भूप रागाने करा. पाचच स्वर, आणि पाचही एकमेकांशी गोडीने राहणारे. बाईचा सा काळी चार धरून, लांब तारेकडून आखूड तारेकडे २१ तारा अशा वाटायच्या (मंद्र म्हणजे खालचं सप्तक, मध्य मधलं, तार वरचं आणि अतितार त्याच्याही वरचं):

मंद्र: प प ध
मध्य: सा सा रे ग प प ध
तार: सा सा रे ग प प ध
अतितार: सा सा रे ग

सा आणि प दुहेरी ठेवलेत ते मुद्दाम. आवाज भरतो हा एक फायदा, आणि दोन तारा एकाच सुरात मिळवणं हा कानाचा सगळ्यात चांगला धडा आहे, हा दुसरा.

पुरुषाचा सा काळी एक असेल तर मंद्र प १०४ कंपनांवर येतो, आणि लहान वाद्याची तार तिथे ढिली पडते. म्हणून त्यांनी मंद्र सोडूनच द्यावं: 'सा सा रे ग प प ध' हीच सात तारांची ओळ तीनदा. सात त्रिक एकवीस. ज्या बायकांचा सा काळी पाच आहे त्यांनी अगदी वरच्या रे आणि ग या दोन तारांना त्या सुरांपर्यंत न नेता सा वरच ठेवावं, नाहीतर त्या तुटण्याच्या सीमेवर जातात.

लावायला बसताना

वाद्य मांडीवर नको, जमिनीवर किंवा टेबलावर, खाली दुमडलेली चादर घालून ठेवा. पंखा बंद. तंबोरा लावा, ॲपचा असला तरी चालेल, पण आवाज स्वरमंडळापेक्षा हळू.

पहिला फेरा ढोबळ. ॲपवर बघून प्रत्येक तार तिच्या सुराच्या थोडी खाली आणा. मधल्या तारेपासून सुरू करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं कडेपर्यंत जा, म्हणजे पेटीवर ताण एका बाजूने पडत नाही. हा फेरा संपला की मधल्या तारा तपासा: त्या उतरलेल्या दिसतील. कान बिघडलेला नाही आणि खुंटीही सरकलेली नाही. नंतर चढवलेल्या तारांनी पेटी किंचित दाबली, म्हणून आधीच्या सैलावल्या. नव्या वाद्याला असे तीन फेरे लागतातच. दोन फेऱ्यांच्या मध्ये चहा घ्या, खरंच घ्या, तेवढ्यात तारा बसतात.

चावीच्या हाताविषयी. कोमल ग वरून शुद्ध ग वर जायचं, म्हणजे अर्धा स्वर चढायचा, तर चावी किती फिरवावी लागते? घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात जेवढा सरकतो तेवढी. पाच-सहा अंश, बस. नवशिके पाव वळसा देतात आणि मग तार तुटली म्हणून रडतात. मनगट हलवायचं नाही. चावीच्या दांडीच्या टोकाला अंगठा टेकवायचा आणि नुसता दाब द्यायचा. दांडी लांब असेल तर हे सोपं जातं. चावी खुंटीवर सरळ उभी ठेवा, तिरकी दाबली तर खुंटी वाकल्याने सूर चढल्यासारखा वाटतो आणि हात काढला की खाली येतो. आणि सुरावर नेहमी खालून या. जास्त चढली तर सुराच्या खाली उतरवून परत चढवा. वरून उतरवत आणून सोडलेली तार पाच मिनिटांत आणखी उतरते.

दुसरा फेरा कानाने. क्रम असा:

आधी मध्य सप्तकातला एक सा, तंबोऱ्याच्या सा शी. दोन्ही एकत्र ऐका. सूर जवळ आला की आवाजात लाटा येतात: वँव्-वँव्-वँव्. जवळ जाल तशा त्या लांबट होतात, आणि मिळाला की थांबतात. लाटा मोजता येतात बरं का. सेकंदाला दोन लाटा म्हणजे दोन कंपनांचा फरक. सगळ्या ट्यूनिंगचा जीव या लाटांत आहे, त्यामुळे इथे घाई करू नका. पहिल्या दिवशी एवढा एक सा लागला तरी खूप झालं.

मग त्याच्या शेजारचा दुसरा सा. मग तार आणि अतितार सप्तकांतले सा, एकेक. एक लावताना जुळी तार बोटाने दाबून मुकी ठेवा.

मग सगळे प. सा आणि प एकत्र छेडून ऐका, लाटा थांबल्या की झालं.

रे लावायला सा कडे बघू नका. मंद्र प छेडा आणि त्याच्यावर मध्य रे मिळवा. सा-प मध्ये जे नातं आहे तेच प-रे मध्ये आहे. मंद्र नसेल तर मध्य प वरून तार सप्तकातला रे मिळवा आणि त्याच्यावरून मध्य रे.

गंधार, म्हणजे ग, हा या वाद्याचा कस. हार्मोनियमच्या गंधारावर लावलात तर तो चढाच राहणार. तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालचा सा, नीट ऐकला तर त्याच्या पोटातून एक बारीक गंधार उमटतो, त्याच्याशी तुमची तार मिळवा. तो सुरुवातीला ऐकू येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवसापासून तो ऐकू न येणं अशक्य होतं. शेवटी ध, तो ग शी मिळवायचा: मंद्र ध आणि मध्य ग यांच्यात पुन्हा तेच सा-प चं नातं.

ॲपवरच भिस्त ठेवायची असेल तर एवढं लक्षात ठेवा की ॲपची फूटपट्टी हार्मोनियमची आहे. काटा मध्यावर आणला की हार्मोनियमचा सूर लागतो, तंबोऱ्याचा नाही. काळी चार सा धरला तर ॲपवर सा 'जी शार्प', रे 'ए शार्प', ग 'सी', प 'डी शार्प' आणि ध 'एफ' असं दिसेल. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. रे ४ सेंट वर ठेवा, प २ सेंट वर, ग १४ सेंट खाली आणि ध १६ सेंट खाली. सा बरोबर मध्यावर. रे-प चा फरक सोडून दिलात तरी खपेल. ग-ध चा सोडलात तर हात फिरवल्यावर ते गोड घरंगळणं येणार नाही, नुसता खणखणाट येईल.

तिसरा फेरा हात फिरवून. लांब तारेपासून आखूड तारेपर्यंत सावकाश बोट न्या, प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल इतकं सावकाश. जिथे कान ठेच खातो ती तार. सगळ्या तारा पुन्हा करत बसू नका, तेवढीच दुरुस्त करा.

पहिल्या वेळी याला तास-दीड तास लागेल. महिन्याभरात वीस मिनिटांवर येतं. नव्या तारा पहिले तीन-चार दिवस रोज उतरतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

राग बदलताना

इथे भूपाची निवड कामी येते. भूपातल्या ग च्या तारा अर्धा स्वर चढवून म केल्या की दुर्गा तयार. वरच्या मांडणीत ग च्या तारा तीनच आहेत. त्याच तीन अर्धा स्वर उतरवून कोमल केल्या की शिवरंजनी. म ॲपवर २ सेंट खाली, कोमल ग १६ सेंट वर. तीन तारांत तीन राग. फक्त सर्वांत आखूड तारेचा ग म पर्यंत चढवू नका, ती तिच्या मर्यादेला टेकलेली असते. तिला रे वर उतरवून ठेवा.

रियाजाचा आठवडा असा शेजारच्या रागांचा आखला तर चावी कमी फिरते आणि खुंट्यांची भोकं झिजत नाहीत. भूपावरून थेट मालकंसावर गेलात तर सा सोडून जवळपास सगळं हलवावं लागतं, प च्या दुहेरी तारांसकट. तो राग ज्या दिवशी नीट बसायला वेळ आहे त्या दिवशी घ्या.

गाताना स्वरमंडळ सारखं वाजवायचं नसतं, हेही सांगून टाकते. ओळ संपली, श्वास घेतला, तेव्हा एकदा हात फिरवायचा. नवीन माणूस आलापाच्या मध्येच वरखाली ओरबाडतो, आणि मग गाणारा कुठला आणि तारा कुठल्या हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं.

हवा, गंज आणि तुटलेली तार

खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की पोलादी तारा प्रसरण पावून सैल पडतात आणि सूर अर्ध्या स्वराच्या साधारण पाव हिश्शाने उतरतो. वातानुकूलित सभागृहात याच्या उलट, सूर चढतात. म्हणून कार्यक्रम असेल तर वाद्य तासभर आधी त्याच खोलीत, गवसणीतून काढून ठेवा. गाडीच्या डिकीत तर कधीच ठेवू नका.

पावसाळ्यात लाकूड फुगून खुंट्या घट्ट होतात, मे महिन्यात सुकून सैल पडतात. परदेशात हिवाळ्यात घर तापवणाऱ्यांना मे महिना वर्षाकाठी चार-पाच महिने भोगावा लागतो. त्यांनी वाद्य हीटरपासून लांब ठेवावं. एखादी खुंटी सैल झाली तर तार थोडी उतरवून, खुंटीच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हलकी टिचकी मारा, खुंटी जराशी आत जाईल. मारताना पेटीखाली खुंटीच्या जागी उशी नको, कठीण आधार हवा. तेवढ्याने नाही भागलं तर खुंटी काढून भोकात बारीक पॉलिश पेपरची पट्टी, खरखरीत बाजू लाकडाकडे ठेवून घाला. त्याहूनही सैल असेल तर कारागीर जाड खुंटी बसवतात.

कोकणात गंज हा खरा शत्रू. बोटांचा घाम आणि खारी हवा, दोन्ही मिळून दोन महिन्यांत तारा काळ्या करतात. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने एकेक तार पुसा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा फडक्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब लावून तारांवरून फिरवा आणि लगेच दुसऱ्या फडक्याने पुसून घ्या. तेल खुंटीच्या भोकात गेलं तर मात्र खेळ खलास, ती खुंटी पुन्हा सूर धरत नाही.

तार तुटली तर: खुंटी तीन वळसे उलट फिरवा, तुटलेले तुकडे पकडीने काढा. त्याच नंबरची तार घेऊन एका टोकाला फासा करून खिळ्यात अडकवा. खुंटीच्या पलीकडे चार-पाच सेंटिमीटर जास्तीची तार ठेवून कापा, टोक खुंटीच्या छिद्रात घाला आणि तीन वळशांत ताण येईल अशी गुंडाळा. वळसे एकावर एक चढू देऊ नका, एकाखाली एक बसले पाहिजेत. आधी जवळपासच्या सुरापर्यंतच न्या आणि रात्रभर तसंच सोडा.

ते मोराचं स्वरमंडळ अजून माझ्याकडे आहे. चाचांनी त्याच्या १५ तारा काढून टाकल्या, उरलेल्या २१ खुंट्या जाड बसवल्या आणि निघालेल्या तारांची वेटोळी माझ्या हातात ठेवली. दोन पावसाळे झाले, ते बऱ्यापैकी सूर धरून आहे. मोराच्या चोचीचा तुकडा मध्ये कधीतरी पडला, तो मी परत चिकटवला नाही.